मिडल-अर्थ, शाखा आरमोरी

रोज रात्री साडेनऊ वाजता माझी उंची साडेतीन फूट होते.

दिवसा ती पाच फूट चार इंच असते. वसुलीच्या बैठकीत थोडी कमी होते, पण ती घट तात्पुरती. चहा आला की भरून निघते. रात्रीची घट मात्र मी स्वखुशीने पत्करलेली आहे. जेवणाचा डबा धुऊन पालथा घालावा, दाराला कडी लावावी, लॅपटॉप उघडावा, की आरमोरीच्या भाड्याच्या खोलीतून मी थेट ‘शायर’ नावाच्या हिरव्यागार मुलखात जाऊन उभा राहतो. पाय अनवाणी, पावलांवर दाट केस, अंगात बंडी आणि चेहऱ्यावर तीनदा जेवून चौथ्या पंगतीची वाट पाहणाऱ्या माणसाचे समाधान. नाव धोंडो.

नावाचा खुलासा आधी करून टाकतो. जे. आर. आर. टॉल्कीन या इंग्रज प्राध्यापकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांची कादंबरी १९५४ आणि १९५५ साली प्रसिद्ध झाली. तीत हॉबिट नावाची बुटकी, खादाड, घरकोंबडी जमात आहे. नायकाचे नाव फ्रोडो, आणि तो ज्याला काका म्हणतो त्याचे बिल्बो. आता मला सांगा, ही नावे ऐकून कोणत्या मराठी माणसाला ही मंडळी परकी वाटतील? आमच्या पणजोबांचे नाव धोंडो होते. त्यांनाही सहा वेळा खायला आवडे आणि घराबाहेर पडायला आवडत नसे. त्यांच्या बोटात अंगठी नव्हती एवढाच काय तो फरक, आणि तोही ती गहाण पडली होती म्हणून.

संगणकाने हे नाव एका क्षणात मंजूर केले. आधार कार्ड नाही, पॅन कार्ड नाही, दोन फोटो नाहीत. नावातल्या एका वेलांटीसाठी ग्राहकाला तीन चकरा मारायला लावणारा मी, त्या रात्री मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

हे सगळे सुरू झाले बदलीमुळे. मी बँकेत कारकून आहे. कोणत्या बँकेत ते सांगत नाही. पेन्शनला अजून बरीच वर्षे आहेत. घर चंद्रपूरला, जटपुरा गेटाच्या आत. तिथून माझी बदली आरमोरीला झाली. चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली करीत एस.टी. आरमोरीला पोहोचेपर्यंत माणसाचे सगळे सांधे आपापली ओळख करून देतात. म्हणून खोली घेतली. चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला, ही चंद्रपूरला, मी आरमोरीला. एका कुटुंबाच्या तीन जिल्ह्यांत तीन शेगड्या.

चिरंजीवांशी रोज फोनवर बोलणे होई. त्याचा संपूर्ण मजकूर देतो.

‘‘जेवलास?’’

‘‘हो.’’

‘‘काय होतं?’’

‘‘नेहमीचंच.’’

‘‘बरं.’’

यात पावसाळ्यात ‘‘पाऊस आहे का?’’ आणि परीक्षेत ‘‘पेपर कसा गेला?’’ एवढी भर पडे. बाप आणि मुलगा यांच्यात निसर्गाने बोलण्याची सोय का ठेवली नाही, कळत नाही. आईशी तो अर्धा तास बोलतो. माझ्याशी बोलताना त्याला नेमके कोणीतरी हाक मारते.

दिवाळीत घरी आल्यावर त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये हा खेळ घालून दिला. मी म्हटले, ‘‘अरे, मला कॅरम येतो. सोंगटी तरी समोर दिसते.’’ तो म्हणाला, ‘‘बाबा, काही करू नका तुम्ही. नुसते माझ्या मागं चाला न.’’

नऊ वर्षांचा होईपर्यंत तो माझ्या मागून चालत होता. हिशेब बरोबर होता. मी चालू लागलो.

आता खेळाविषयी. याचे नाव ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’. टर्बाइन नावाच्या अमेरिकन कंपनीने तो २००७ च्या एप्रिलमध्ये सुरू केला. २०१६ च्या अखेरीपासून स्टँडिंग स्टोन गेम्स या कंपनीकडे त्याचा कारभार आहे. कादंबरीत ज्या जगाला टॉल्कीनने ‘मिडल-अर्थ’ म्हटले, ते जग संगणकात उभे केलेले आहे, आणि जगभरातली हजारो माणसे एकाच वेळी त्यात हिंडत असतात. कोणी मनुष्य होतो, कोणी एल्फ, कोणी ड्वार्फ, कोणी हॉबिट. सुरुवातीला दरमहा वर्गणी होती. एकदाच १९९ डॉलर भरले की आजीवन सभासद, अशीही योजना होती. कोणाचे जीवन संपेपर्यंत, सभासदाचे की कंपनीचे, हा प्रश्न मला बँकवाल्या नजरेने लगेच पडला. २०१० पासून खेळ फुकट झाला. फुकट म्हणजे कसा, ते पुढे सांगतो. मी बी.कॉम. आहे, फुकट या शब्दावर माझा विश्वास नाही.

टॉल्कीनची कादंबरी मी मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादातून वाचली. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी तिन्ही खंड एकदम देताना माझ्याकडे, मोठे कर्ज मागणाऱ्या अल्पभूधारकाकडे आम्ही पाहतो तसे पाहिले होते. म्हणून पुस्तकाशी पडताळून खेळाचे बरे-वाईट सांगायचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

बरे आधी सांगतो.

या खेळात मी पहिल्या रात्री तलवार उपसून राक्षसांवर चालून जाईन अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मला टपाल वाटायला लावले. शायरमध्ये या गावाहून त्या गावाला ठरावीक वेळात पत्रे पोहोचवायची. वाटेत भोचक हॉबिट उभे असतात. त्यांनी गाठले, ‘‘काय रे, कोणाचं पत्र?’’ म्हटले, की कामगिरी फुकट! आमच्या वाड्याशेजारच्या आजींचे हे चित्र इतके हुबेहूब होते की टॉल्कीन कधी चांद्याला येऊन गेला की काय, अशी शंका आली. टपाल झाले की ‘पाय’ पोहोचवायचे काम. ‘पाय’ म्हणजे आपला पाय नव्हे. कणकेत सारण भरून भाजलेला तो इंग्रजी पदार्थ. मराठीत लिहिताना पंचाईत होते, म्हणून मी त्याला सारणपोळी म्हणतो. ही पोहोचवताना भुकेले हॉबिट टाळायचे.

मला हे सगळे फार पटले. ज्यांनी ही कामे खेळात घातली त्यांनी पुस्तक नीट वाचले आहे. कारण त्या पुस्तकाचा सगळा जीव यातच आहे, की जग वाचवायला निघालेला माणूस राजा नाही, योद्धा नाही. घरचा माळी सोबत घेऊन निघालेला, डबा विसरला तर हळहळणारा एक सामान्य गृहस्थ आहे. आणि खेळात तर आपण फ्रोडोही नसतो. अंगठी घेऊन तो केव्हाच पुढे गेलेला असतो. आपण मागे राहून त्याच्या वाटेवरची किरकोळ कामे उरकायची. साहेब दौऱ्यावर गेल्यावर त्यांची बिले चुकती करणे हे काम मी बावीस वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे मिडल-अर्थमध्ये मला नवखेपणा असा वाटलाच नाही.

जंगलही त्यांनी बरे उभे केले आहे. शायरच्या पूर्वेला ‘ओल्ड फॉरेस्ट’ आहे. पुस्तकात तिथली झाडे माणसांवर राग धरून असतात आणि वाटा बदलतात. त्यात मी पाऊण तास फिरत होतो. शेवटी चिरंजीवांना लिहिले, ‘‘मला चकवा लागला आहे.’’ त्याला चकवा ठाऊक नव्हता. पुण्याच्या शिक्षणात हे येत नाही. मी त्याला समजावून सांगितले, की रानात चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच मोहाच्या झाडाभोवती फिरतो, आणि त्यावर तुझ्या पणजीचा उपाय म्हणजे चपला उलट्या पायांत घालणे. त्याने लिहिले, ‘‘बाबा, हॉबिटला चपला नसतात.’’ खरेच की! मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. घरमालकांनी भिंतीवर थाप मारली.

त्या रात्री आम्ही पणजी, तिचे माहेर आणि चकवे यांवर अर्धा तास लिहीत होतो. ‘‘जेवलास?’’ विचारायचे राहूनच गेले.

आणखी एक चांगली गोष्ट. या खेळात तुम्ही मरत नाही. तुमच्याजवळ जीव नसतो, ‘मनोधैर्य’ असते. त्याची एक हिरवी पट्टी कोपऱ्यात दिसते. मार बसला की ती कमी होते. शून्य झाली की तुम्ही माघार घेऊन दूर कुठेतरी उभे राहता. ही पट्टी भरून काढायला वैद्य नसतो, तर शाहीर असतो. तो वीणेसारखे वाद्य छेडतो, गातो, आणि सोबत्यांचे धैर्य वाढते. चिरंजीव हे असे शाहीर आहेत. खेळाडूंना खरोखरची वाद्येही वाजवता येतात. २००९ पासून वेदरटॉप नावाच्या टेकडीवर खेळाडू जमतात आणि संगीताचा मोठा मेळा भरवतात. पोराने एकदा मला तिथे नेले. टेकडीवर ही गर्दी! कोणी घोड्यावर, कोणी नाचतो आहे. मला आमच्या मंडईची आठवण झाली. दिवाळी झाली, धान घरात आले की या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडशाच्या कंपन्या गावोगाव मंडप ठोकतात आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटे कोंबड्याबरोबर संपतो. त्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिवसभर बांधावर राबलेला माणूस रात्रभर जागून नाटक का पाहतो, याचे उत्तर त्या हिरव्या पट्टीत आहे. मनोधैर्य भरून घ्यायला तो आलेला असतो. एवढी समज असलेला खेळ वाईट असे मी कसे म्हणू?

पण आता दुसरी बाजू. खतावणीला दोन बाजू असतात.

शायरच्या राजधानीत, मिशेल डेल्व्हिंगला, एक तिजोरीवाला उभा असतो. मुलखात सापडलेल्या वस्तू त्याच्याकडे ठेवायच्या. त्याला पाहून मला गलबलून आले. अख्ख्या मिडल-अर्थमध्ये आपल्या खात्याचा एक माणूस! ना सुट्टी, ना जेवणाची वेळ, ना ‘सर्व्हर डाऊन’. चलनाचा हिशेबही मी लगेच लावला: शंभर तांब्याची नाणी म्हणजे एक चांदीचे, हजार चांदीची म्हणजे एक सोन्याचे. सोन्या-चांदीचा हा भाव खेळात वर्षानुवर्षे तोच आहे. आमच्या सराफा ओळीत हे सांगितले असते तर दोन-तीन जण तरी तिकडे राहायला गेले असते.

पण आठ-दहा दिवसांत माझ्या लक्षात आले, की या खेळात मी मुख्यतः साठवतोच आहे. लांडग्याचे कातडे, डुकराचा सुळा, गंजलेला बाण, कसलीशी पाने, कोणाच्या तरी जुन्या बांगड्या. टाकवत नाही, लागत नाही. पिशव्या भरल्या. तिजोरी भरली. आणि पिशवी मोठी हवी, तिजोरीत कप्पे जादा हवेत, तर खेळाच्या दुकानात मोजा पैसे! फुकट म्हणजे कसा, ते पुढे सांगतो म्हटले होते, ते हे.

टॉल्कीनने हॉबिटांच्या या खोडीची फार गोड थट्टा केली आहे. ज्या वस्तूचा उपयोग नाही पण जी टाकवतही नाही तिला हॉबिटांच्या भाषेत ‘मॅथम’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे एवढ्यासाठी शब्द नाही, अख्खा माळा आहे. पण हे हॉबिट आपल्या वाढदिवसाला भेटी घेत नाहीत, देतात. म्हणजे मॅथम घरोघर फिरत राहतो. आणि सगळी कादंबरी सुरू होते तीच मुळी अशा एका वाढदिवसाने. म्हातारा बिल्बो सगळ्यांना भेटी वाटतो आणि शेवटी, कुरकुरत, मोठ्या कष्टाने, ती अंगठीही मागे ठेवून निघून जातो. पुढच्या तीन खंडांत काय आहे? एक वस्तू मिळवण्यासाठी लोक निघाले आहेत अशा गोष्टी जगात ढिगाने आहेत. एक वस्तू टाकून देण्यासाठी निघाले आहेत अशी ही गोष्ट आहे. आणि ते टाकणे इतके अवघड, की अग्नीच्या तोंडाशी पोहोचल्यावर खुद्द फ्रोडोलाही ते जमत नाही. गॉलम बोट तोडून घेतो म्हणून काम होते.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एक नियम घोकून घेतला होता: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. तेव्हा तो फक्त परीक्षेसाठी वाटला होता. टॉल्कीन वाचल्यावर कळले, की एवढ्या मोठ्या कादंबरीचा ताळेबंद याच एका नियमावर लावला आहे. ज्याने दिले त्याच्या खाती जमा. ज्याने धरून ठेवले त्याच्या नावे. खेळाने मात्र नेमके उलटे केले. त्यात घेणाऱ्याच्या जमा आणि देणाऱ्याच्या हाती भोपळा. पुस्तकाचे घर, पुस्तकाची टेकडी, पुस्तकाचा वास, सगळे आणले. पण खतावणी उलटी लिहिली.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे, आणि तो मला खेळात नाही, काउंटरवर सुचला.

या खेळात प्राणी मारण्याची खाती आहेत. अमुक इतके लांडगे मारले की पराक्रम नोंदला जातो. वर त्यातून पुण्याई साठते आणि ती सद्गुणांच्या वाढीला लागते. सद्गुणांची यादी वाचा: करुणा, क्षमा, सहनशीलता, धीर. म्हणजे रानडुकरांचा कळप कापून काढावा आणि आपली करुणा वाढवून घ्यावी! मला आधी याची गंमत वाटली. मारलेले लांडगे पाच मिनिटांत त्याच जागी पुन्हा उभे राहतात, मग काय बिघडले? मी इमानेइतबारे लांडगे मारीत होतो. काम शेवटाला आले होते.

त्याच आठवड्यात, एप्रिलमध्ये, बँकेत एक म्हातारा आला. सोबत गावचा पोलीस पाटील. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी हा सगळा पट्टा वाघांचा. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला माणसे, विशेषतः बाया, उजाडायच्या आत रानात जातात. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात. म्हाताऱ्याची बायको मागल्या महिन्यात तशी गेली होती. सरकारची भरपाई आली होती. काही रक्कम हातात आणि बाकी मुदत ठेवीत, असा नियम आहे. ठेवीचा अर्ज मी भरत होतो.

‘‘नॉमिनी कोणाला लावायचं, बाबा?’’ मी विचारले. ‘‘तुमच्या माघारी पैसे कोणाला?’’

‘‘घरची हाये न,’’ तो म्हणाला, आणि त्याने तिचे नाव सांगितले.

मी लिहिले. निम्मे लिहून झाल्यावर माझे पेन थांबले, पोलीस पाटलाने खाली पाहिले, आणि मग म्हाताऱ्याच्याही लक्षात आले. तो म्हणाला, ‘‘आदत पडली साहेब.’’

मी नवा अर्ज घेतला. बँकेत खाडाखोड चालत नाही.

त्या रात्री साडेनऊला मी शायरमध्ये गेलो तेव्हा दोन लांडगे बाकी होते. समोर उभेही होते. मी मारू शकलो नाही. त्यात काही थोरपणा नव्हता. ते काही खरे लांडगे नव्हते, आणि त्यांना सोडून आरमोरीच्या वाघाचे किंवा म्हाताऱ्याचे काही भले होणार नव्हते. फक्त हात उठेना. ज्या रानात मेलेले पाच मिनिटांत उठतात त्या रानाला रान म्हणायला मन घेईना. आणि खरा टॉल्कीन हे जाणत होता. त्याच्या पुस्तकात मेलेल्यांची आठवण ठेवतात, त्यांच्यासाठी गातात, त्यांची थडगी बांधतात. झाड तोडले तर झाडाचे नाव घेऊन शोक करणारी पात्रे त्याने लिहिली. खेळवाल्यांना गिऱ्हाइकाच्या जिवाची काळजी, म्हणून त्याला मनोधैर्य दिले. पण समोरच्याला नुसती संख्या केले.

पोराने विचारले, ‘‘बाबा, थांबलात कशाला? मारा न.’’

मी त्याला म्हाताऱ्याची हकीकत लिहिली. एका बोटाने लिहितो, वेळ लागला. त्याचे उत्तर आले नाही. मला वाटले, गेला. कोणीतरी हाक मारली असेल. पाहतो तर पोरगा लांडग्यांच्या मधून चालत माझ्यापर्यंत आला. म्हणाला, ‘‘चला.’’ आम्ही दोघे चालत बायवॉटरच्या ‘ग्रीन ड्रॅगन’ खानावळीत गेलो. तो चुलीपाशी उभा राहिला आणि वाजवू लागला. कोणती चाल होती मला कळली नाही, इंग्रजी असावी. फोनवर मला ‘‘काळजी घ्या’’ हे दोन शब्द ज्याला कधी सापडले नाहीत, तो पाऊण तास वाजवीत होता. माझी हिरवी पट्टी आधीच पूर्ण भरलेली होती. तिला काय कळते?

टॉल्कीनबद्दल मला नंतर एक गोष्ट कळली, ती बँकवाल्यांनी तरी ठाऊक करून घ्यावी. त्याचे वडील आर्थर टॉल्कीन बँकेत होते. इंग्लंडमधून नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि ब्लूमफाँटेनला बँक ऑफ आफ्रिकेचे मॅनेजर झाले. तिथेच १८९२ साली हा मुलगा जन्मला. १८९५ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील कामामुळे मागे राहिले, सवड झाली की येणार होते. १८९६ च्या फेब्रुवारीत चार वर्षांच्या मुलाने वडिलांना दाईकडून एक पत्र लिहवून घेतले. तेवढ्यात वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, आणि ते लगेच वारले. पत्र पाठवायचे राहूनच गेले.

हा मुलगा मोठा होऊन स्वतः बाप झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याचा धाकटा मुलगा ख्रिस्तोफर विमानदलातून पुन्हा त्याच दक्षिण आफ्रिकेत गेला, तेव्हा १९४४ मध्ये हा बाप ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणे लिहून होतील तशी त्याला टपालाने पाठवत होता. ‘‘जेवलास?’’ हेच, पण प्रकरणाप्रकरणाने! बापलेकांना बोलायला तिसरीच काहीतरी गोष्ट लागते, हे त्यालाही ठाऊक असणार. कोणाला पुस्तक मिळते. मला धोंडो मिळाला.

आता शेवटचा आक्षेप. २०१७ साली या खेळात एकदाची ती अंगठी नष्ट झाली. दहा वर्षे लोक तिच्या मागे चालत होते. पुस्तक असते तर पुढच्या काही प्रकरणांत सगळे आपापल्या घरी गेले असते, नायक जहाजात बसला असता, आणि आपण डोळे पुसून पुस्तक ग्रंथपालांना परत केले असते. खेळाने काय केले? त्याच वर्षी मॉर्डॉरचा नवा भाग विक्रीला काढला. अंगठी गेली, खेळ चालूच. धंद्याला शेवट परवडत नाही हे मी समजू शकतो. कर्ज फिटले तरी ग्राहकाला सोडू नका, असे आम्हालाही प्रशिक्षणात सांगतात. पण गोष्टीला शेवट लागतो. सोडून देण्याची गोष्ट सांगायची आणि स्वतः मात्र काही सोडायचे नाही, हे काही खरे नव्हे.

असे मी मोठ्या तावातावाने चिरंजीवांना सुनावले. त्यावर तो म्हणाला, ‘‘बाबा, एक सांगायचं होतं. सहावं सेमिस्टर आहे. प्रोजेक्ट आहे, इंटर्नशिपचं पण आहे. रोज नाही जमणार आता.’’

घ्या! टीकाकाराची परीक्षा त्याच्याच प्रश्नपत्रिकेवर!

मी ‘‘चालेल’’ लिहिले. सहा अक्षरेही नाहीत, पण लिहायला मला लांडग्यापेक्षा जास्त वेळ लागला. अग्नीच्या तोंडाशी उभा असलेला फ्रोडो त्या रात्री मला पहिल्यांदा नीट समजला. त्याच्यावर मी आजवर उगाच टीका केली.

दुसऱ्या दिवशी मी एक काम केले. तिजोरीवाल्याकडे गेलो आणि सगळे कप्पे रिकामे केले. कातडी, सुळे, पाने, बांगड्या, सगळे. शायरमध्ये नवे खेळाडू दिसले की त्यांना वाटत सुटलो. कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा असेल. त्यांना वाटले असावे, म्हाताऱ्याचा वाढदिवस आहे. दोघांनी तसे विचारलेही. मी हो म्हटले. लांडग्यांचे खाते तसेच दोनने अपुरे ठेवले. आमच्याकडे अशा फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि कधीतरी जुळेल म्हणतात.

मग खेळातल्या टपालाने पोराला एक पत्र पाठवले. ‘‘अभ्यास सांभाळून सवड मिळेल तेव्हा ये. मी शायरमध्येच आहे. टपाल वाटतो आहे.’’

चार दिवस काही नाही. पाचव्या रात्री साडेनऊला टपालपेटीवर खूण दिसली. पत्र होते. सोबत एक सारणपोळी जोडलेली होती. मजकूर एवढाच:

‘‘बाबा, जेवलात का?’’

ती सारणपोळी मी तिजोरीत ठेवली नाही. धोंडोला रस्त्याच्या कडेला बसवले आणि तिथल्या तिथे खाऊ घातली.